पायावरचा पाय

१

दुपारचं जेवण झालं की मी घरात थांबत नाही. घरात पंखा आहे, खाट आहे, पण बोलायला माणूस नाही. म्हणजे माणसं आहेत, पण ती मला औषध देतात नाहीतर झोपायला सांगतात. म्हणून मी ट्रक तोलायच्या जुन्या वजनकाट्यावर जाऊन बसतो. काटा कधीचाच बंद पडलाय, वरचा पत्रा तेवढा शाबूत आहे. त्या पत्र्याखाली मोठाले टायर पडलेत आणि त्यांच्यावर आम्ही तिघं. मी, भोंगा आणि वकील.

भोंग्याला हळू बोलता येत नाही. जन्मभर इंजिनाशेजारी बसून कान गेले, आता सगळ्या जगाचे कान गेलेत असं धरून तो बोलतो. वकील हा काही वकील नव्हे, तोही ट्रकच चालवायचा. पण कुणी म्हटलं आज ऊन आहे, तर तो विचारणार, कशावरून? असल्या माणसाबरोबर म्हातारपण काढायचं म्हणजे डोकं ठिकाणावर लागतं. माझं आहे.

आमचं बोलणं रोज एकच, जुन्या गाड्या. हल्लीच्या पोरांना गार केबिन मिळते, बोटानं गिअर पडतो, वर गाणी ऐकतात. त्याला मी गाडी चालवणं म्हणत नाही, त्याला मी बसणं म्हणतो. आमच्या गाडीचं स्टेअरिंग वळवायला सीटवरून उठावं लागायचं. ब्रेक म्हणजे नुसती आशा. आणि गिअर सरळ पडायचाच नाही. क्लच दाबा, गिअर मोकळा करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा, मग दांडा ढकला. डबल क्लच म्हणायचे त्याला. जरा चुकलं की आतले दात असे ओरडायचे की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. मग पलीकडून उस्ताद जे हाताला लागेल ते फेकून मारायचा. मला एकदा डबा लागला होता. भरलेला.

हे सगळं आम्ही एकमेकांना इतक्यांदा सांगितलंय की भोंगा चुकला तर मी दुरुस्त करतो, मी चुकलो तर वकील. तरी रोज सांगतो. बरं वाटतं.

२

त्या दुपारी भोंगा त्याच्या मामाची गोष्ट सांगत होता. मामानंच त्याला गाडी शिकवली. मालानं भरलेली गाडी, पहिलाच चढ, गिअर काही केल्या पडेना, भोंगा रडकुंडीला आलेला. मग मामानं काय केलं, तर क्लचवरच्या त्याच्या पायावर आपला पाय ठेवला. दाबला, सोडला, परत दाबला. आणि गिअर असा पडला, जसा आपल्याच खिशात आपला हात जातो.

वकील म्हणाला, त्याच्या फौजीनंही तेच केलं होतं. एका रिटायर फौजी ड्रायव्हरनं त्याला शिकवलं होतं, आणि त्याच्या टाचेच्या भेगा वकिलाला अजून आठवत होत्या. मी म्हटलं, माझा उस्ताद तर कायम अनवाणी. तळवा असा तापलेला असायचा की उन्हातलं लोखंड परवडलं. तो पाय पायावर आला की आपल्याला काही करावं लागायचं नाही. नुसतं त्याच्याबरोबर खाली जायचं, वर यायचं. असं करता करता एक दिवस पाय यायचा बंद व्हायचा. पाय उठला की समजायचं, आता तू ड्रायव्हर.

हे नेहमीचं शेवटचं वाक्य. ते झालं की आम्ही उठतो आणि चहाला जातो.

वकील उठला नाही. त्यानं मला विचारलं, माझा उस्ताद बसायचा कुठं?

बाजूला, म्हटलं. आणखी कुठं, टपावर?

"बाजूला म्हणजे पलीकडच्या दाराशी. आणि मधे काय असायचं?"

मी त्याला शिवी देणार होतो, तोंड उघडलंही होतं. ते तसंच राहिलं.

मधे इंजिन असायचं.

ज्यांनी त्या गाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन अर्धं केबिनच्या आत असायचं. त्यावर लोखंडी झाकण, पेटीसारखं, बसलेल्या माणसाच्या कमरेइतकं उंच. त्यावर डबा ठेवला तर भाजी गरम व्हायची. ड्रायव्हर या बाजूला, उस्ताद त्या बाजूला. हात लांब केला तर गिअरच्या दांड्याला लागेल. फेकलेला डबा डोक्याला लागेल. पाय कसा लागेल?

भोंगा म्हणाला, मामा उंच होता.

वकील म्हणाला, मामा तुझ्या खांद्याला लागायचा, हे तूच सांगतोस.

मग आम्ही उठलो. चहाला गेलो, पण भोंगासुद्धा हळू बोलत होता.

३

माझी गाडी काट्याशेजारीच उभी असते. त्याच बनावटीची, तशीच पेटी मधे. आधी मी चालवली, नंतर मुलानं. पिठाच्या गिरणीतून पोती उचलायची आणि वर डोंगरावरच्या गावातल्या बेकऱ्यांना पोचवायची, हे आमच्या घरचं काम. आता मुलाचा मणका सरकलाय. डॉक्टरनं त्याला सांगितलं, ट्रकवर चढायचंसुद्धा नाही. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. गाडी विकून टाकू म्हणतो. भुकेचा प्रश्न नव्हता, काही ना काही झालं असतं. पण गाडी गेली असती तर तो त्या भिंतीकडून वळलाच नसता. माझ्या पोटचा आहे, मला कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या गाडीत चढलो. वकिलाला खात्री करून घ्यायची होती. वकील ड्रायव्हरच्या जागी बसला, भोंगा उस्तादाच्या. म्हटलं, कर लांब पाय.

भोंग्यानं पाय उचलून पेटीवर ठेवला. मग कंबर सरकवली. मग पाठीवर आडवा झाला. गुडघा पलीकडे टाकला आणि तिथंच अडकला. ना इकडे ना तिकडे. त्याचा भोंगा वाजायला लागला तेव्हा रस्त्यावरची माणसं जमली. कुणीतरी विचारलं, म्हाताऱ्यांनो, काय करताय? मी म्हटलं, व्यायाम. त्याला ओढून काढताना मी इतका हसलो की बरगडी दुखली.

पण त्याचा पाय क्लचपासून हातभर लांब राहिला होता, हे तिघांनीही बघितलं.

मी म्हटलं, म्हातारपणी असं होतं. आठवणी एकमेकींत मिसळतात. दुसऱ्याची गोष्ट ऐकून ऐकून आपलीच वाटायला लागते.

वकील म्हणाला, असेल. आणि वकील जेव्हा वाद न घालता 'असेल' म्हणतो, तेव्हा मला आवडत नाही.

४

त्याच आठवड्यात सूनबाईनं जेवताना सांगून टाकलं की गाडी विकायची नाही, ती चालवणार. मुलानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. मी म्हटलं, अगं, ती शिलाईची मशीन नाही. ती म्हणाली, मशीनलाही पाय लागतोच की, बाबा.

ही घरी बसून शिवणकाम करायची. बोलते कमी, पण जे बोलते ते माप घेतल्यासारखं. तिचं लहान गाडीचं लायसन होतं, मोठ्या गाडीची परीक्षा द्यायची होती. शिकवणार कोण, तर मी. दुसरं होतं कोण?

पहिले काही दिवस नको ते झालं. स्टेअरिंग जमलं, आरसे जमले, डबल क्लच जमेना. गिरणीच्या रस्त्यावर दुपारी कुणी नसतं, तिथं मी तिला न्यायचो. तिच्या पायात कॅनव्हासचे बूट, नाड्या करकचून बांधलेल्या. मी चपला काढून पलीकडच्या दाराशी बसायचो, जुनी सवय. आणि दर गिअरला आतले दात ओरडले की मी म्हणायचो, नाही जमणार. हिला नाही जमणार. कधी मनात, कधी मोठ्यानं. डबा मात्र फेकला नाही. सून आहे.

एका दुपारी तर दातांचा आवाज ऐकून मला इतकं असह्य झालं की वाटलं, उठावं आणि तिच्या पायासकट तो क्लच खाली दाबावा. हाताची घडी घालून मी जागेवरच बसून राहिलो. जबडा दुखेपर्यंत दात आवळले.

पुढचा गिअर पडला. आवाज नाही. त्याच्या पुढचाही पडला.

मी खूश झालो, पण तोंडावर दाखवलं नाही. सूनबाई समोर बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली,

"बाबा, जरा बेतानं दाबा. बोटं दुखतात."

"काय दाबू?"

"पाय."

मी खाली बघितलं. माझ्या आणि तिच्या मधे ती पेटी, तापलेली. माझा डावा पाय माझ्यापाशीच होता. फक्त तो झोपला होता. म्हणजे मुंग्या येतात तसं नाही, मुंग्याही नव्हत्या. गुडघ्याखाली काहीच कळत नव्हतं.

५

माणसानं डोकं लावलं की सगळ्याला कारण सापडतं. तिचे बूट नवे, बोटांवर आवळत असणार. क्लचची स्प्रिंग कडक, ती पाय वर ढकलते, नवशिक्याला वाटतं वरून कुणी दाबतंय. माझा पाय झोपला कारण सीटची कड मांडीत रुतते. मी तिला म्हटलं, नाड्या सैल बांध. आणि माझ्या सीटवर गोणपाटाची घडी घातली. झालं, संपला विषय.

पण गाडी आता सुरेख चालायला लागली होती. आणि ती तशी चालायला लागली की माझा पाय जायचा. गाडी थांबली की परत यायचा. येताना तेवढा दुखायचा, गार पाण्यातून काढल्यासारखा.

एक दिवस घरी आल्यावर मी मागच्या दारी नळावर पाय धुवायला बसलो. उजवा धुतला. डावा मांडीवर घेऊन उलटा केला, घोट्याला चिखल होता म्हणून. आणि तळव्यावर मला खुणा दिसल्या.

माझा तळवा मला माहीत आहे. जुनं कातडं आहे ते, त्यावर सहज काही उमटत नाही. पण तिथं रेघा होत्या, लालसर, ताज्या. एकमेकींना छेद देणाऱ्या. वर एक गाठ उमटलेली, तिचे दोन कान सुद्धा. बोट फिरवलं तर खोल लागत होत्या. बराच वेळ कशावर तरी पाय रोवून उभं राहिलं की येतात तशा.

दाराशी सूनबाईचे बूट काढून ठेवलेले होते. नाड्यांची गाठ तशीच होती. मी ते उचलून तळव्याशी धरून बघू शकलो असतो. मी नाही बघितलं. पाय धुतला, पुसला आणि जेवायला बसलो. त्या रात्री जेवण चांगलं गेलं, हेही सांगतो. भीती वाटत होती आणि भूकही लागली होती. दोन्ही एकदम असतात.

मुलानं त्या रात्री कूस बदलली होती. भिंतीकडे पाठ करून बायकोला विचारत होता, तिसऱ्या गिअरला गाडी ओढते का अजून?

६

मी भोंग्याला आणि वकिलाला काही सांगितलं नाही. भोंग्याला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. आणि वकील विचारणार, कशावरून? तळवा दाखवून सांगायला तो काही डॉक्टर नव्हता. शिवाय दुसऱ्या दिवशी रेघा गेल्या होत्या.

फक्त एवढंच विचारलं, की त्यांच्या उस्तादांचं पुढं काय झालं? भोंगा म्हणाला, मामा म्हातारपणी ओसरीत बसायचा, पायाखाली निखारा पडला तरी त्याला कळायचं नाही. हसायचा नुसता. भोंग्यालाही ते सांगताना हसू आलं. चांगला माणूस होता, म्हणाला. इतक्या पोरांना शिकवलं.

मग मी ठरवलं की एकदा बघायचं. नीट बघायचं, म्हणजे डोक्यातलं खूळ जाईल.

गिरणीच्या पुढं रस्ता सरळ आहे. दोन्हीकडे झाडं, सावल्यांचे पट्टे केबिनमधून सरकत होते. गाडीच्या फाटक्या पत्र्यातून खालून वारा येत होता, तो नेहमीच येतो. सूनबाईनं पुढच्या गिअरसाठी पाय उचलला. मी पेटीवर दोन्ही हात टेकून पुढं वाकलो. हाताला चटका बसला, तरी वाकलो.

तिचा बूट क्लचवर होता. बुटाचा चवडा चेपलेला होता. वरचं कापड दबून खाली गेलं होतं, नाड्या सपाट झाल्या होत्या, आणि बूट खाली गेला, वर आला, परत खाली गेला, तरी ते कापड काही फुगलं नाही. वर काही नव्हतं. मला तरी काही दिसलं नाही.

मी मागे झालो आणि सहज नजर माझ्याकडे गेली.

माझ्या पायजम्याचा डावा पाय गुडघ्याखाली वाऱ्यानं हलत होता. दोरीवर वाळत घातल्यासारखा. सपाट.

तेवढ्यात गाडी खड्ड्यातून गेली. मी उडालो, डोकं टपाला लागलं. सूनबाई म्हणाली, लागलं का बाबा? मी म्हटलं, समोर बघ. परत खाली बघितलं तेव्हा पायजमा भरलेला होता. मी हातानं दाबून बघितलं. पाय होता, माझाच होता. त्यावर माझा जुना व्रण होता.

मी रुमालानं तोंड पुसलं. आणि खरं सांगू, भीतीच्या खाली मला कुठंतरी थोडा अभिमान वाटला. उस्तादांचं जे होतं ते मला आलं होतं.

मग विचार आला की पाय जातो तर खरा, पण उचलायचा कसा? उस्तादानं तो कधी तरी उचललाच असणार. कसा, हे त्यानं सांगितलं नव्हतं. आणि परीक्षेत पेटीच्या या बाजूला साहेब बसणार होता.

७

परीक्षेचं मैदान सरकारी असतं तसंच होतं. भिंत, भिंतीशी चहाची टपरी, मधे आखलेले पट्टे आणि टोकाला एक चढ. चढावर अर्ध्यात गाडी थांबवायची, आणि मागे न घसरता परत उचलायची. चढाच्या पायथ्याशी परीक्षेला आलेल्यांच्या गाड्या आणि माणसं, गप्पा मारत, पाठी टेकून. जुनी गाडी आणि नवा माणूस असला की त्या चढावर काय होतं ते मला ठाऊक होतं.

मी मुद्दाम लांब, टपरीपाशी थांबलो. मी केबिनमध्ये नसलो म्हणजे पाय जाणार नाही, असा माझा हिशेब. साहेब माझ्या जागी बसला. सूनबाईनं पट्ट्यांमधून गाडी काढली, मागे घेतली, वळवली. सगळं नीट. माझा पाय जमिनीवर, माझ्याजवळ. मी चहा सांगितला.

गाडी चढावर गेली आणि अर्ध्यात थांबली.

माझ्या मनात आलं, आता घसरणार. आणि डावा पाय गेला.

मी भिंत धरली नसती तर पडलो असतो. वर गाडीच्या इंजिनाचा आवाज चढला, आणखी चढला, पण गाडी हलेना. मला कळलं काय होतंय ते. ती क्लच सोडू बघत होती आणि सुटत नव्हता. वरून दाबलेला होता. ब्रेक सोडला की गाडी मागे येणार, आणि मागे माणसं होती. मी म्हटलं, ये. पायाला म्हटलं, ये परत. मांडीला चिमटा काढला. भिंतीवर गुडघा आपटला. काही नाही. मनात दुसरं काहीच येत नव्हतं, फक्त दाब, दाबून धर, हिला नाही जमणार.

टपरीवाला माझ्या हातात ग्लास देत म्हणाला,

"तुमची सून का? नाही जमणार तिला. बघा आता, येते मागे."

माझंच वाक्य. अक्षरन् अक्षर माझं. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. याला काय माहीत? यानं तिला त्या रस्त्यावर घाम गाळताना बघितलंय? रोज बोटं सुजवून घरी येऊन स्वयंपाक करताना बघितलंय?

"माझ्या घरात गाडी माझ्यापेक्षा बरी तीच चालवते," मी म्हटलं. "तू तुझा चहा उकळ."

आणि मी तसा बोललो ते नुसतं त्याला गप्प करायला नाही. बोलल्यावर मला कळलं की मला तसंच वाटतंय. मी चढाकडे पाठ केली आणि ग्लास तोंडाला लावला. बघायची गरज वाटली नाही.

पाय आला. गार, दुखरा, पण आला.

मागे इंजिनाचा आवाज खाली बसला, जड झाला, ओढायला लागला. गाडी चढ चढून गेली. गिअर बदलल्याचं नुसतं कळलं, ऐकू काही आलं नाही.

८

मी टपरीवरून निघालो आणि अडखळलो. वाटलं, पाय अजून नीट जागा झाला नाही. पण तसं नव्हतं. डावा पाय हलका झाला होता. उचलला की हवा तेवढ्यापेक्षा वर जायचा, पायरी चुकल्यासारखं व्हायचं. घरात पंखा चालू असतो तेव्हा त्याचा आवाज येत नाही, आणि वीज गेली की कळतं की इतका वेळ आवाज होता. तसंच.

माझ्या पायावर वजन होतं. इतकी वर्षं होतं. उस्तादाचा पाय उठलाच नव्हता. मला कळायचा बंद झाला होता एवढंच. त्यालाच आम्ही तिघं पाय उठला म्हणायचो आणि चहाला जायचो.

आता मात्र तो खरोखरच माझ्यावर नव्हता. तो कुठं गेला असेल हे विचारायला मला वकील नको होता.

साहेब उतरला, पास म्हणाला, दुसऱ्या गाडीकडे गेला. सूनबाई उतरली नाही. मी पलीकडच्या दारानं चढलो. ती घामानं भिजली होती आणि हसत होती. म्हणाली, चढावर तुम्ही पाय काढलात, बाबा, एकदम हलकं झालं, मला वाटलं गेली आता गाडी मागे. पण लगेच दुसरा आला. तुमच्यापेक्षा जड होता, आणि केवढा तापलेला.

मी म्हटलं, चल घरी, तुझा नवरा वाट बघत असेल.

तिनं घरी फोन लावला. मुलानं पहिल्या घंटीला उचलला. ती फक्त 'हो' म्हणाली आणि पलीकडे तो काय बोलला मला कळलं नाही, पण बराच वेळ बोलत होता. पडून बोलणाऱ्याचा आवाज नव्हता तो. मग आम्ही निघालो. गिरणी मागे पडली. रस्ता रिकामा होता, ऊन उतरलं होतं. ती गिअर टाकत होती आणि इंजिनाला पत्ता लागत नव्हता. मी इतकी वर्षं चालवली, मलाही इतकं हळुवार कधी जमलं नाही.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "अजून आहे का?"

"काय, बाबा?"

"पाय."

तिनं माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं, सांभाळून घेत. "कुणाचा पाय?" म्हणाली. आणि ती थट्टा करत नव्हती. मला तिचा चेहरा माहीत आहे. तिलाही तो कळायचा बंद झाला होता.

मी म्हटलं, काही नाही, समोर बघ. ती समोरच बघत होती.

मी डोकं मागे टेकलं. गाडी दुसऱ्याच्या हातात असताना मला आजवर कधी डोळा लागला नाही, अगदी मुलगा चालवायचा तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी लागला. केबिनमध्ये आम्ही दोघंच नव्हतो, म्हणूनच लागला असेल.